धूर, अग्नी आणि ओले जळण

न्यायदर्शनातले अनुमान शिकवताना डोंगरावरचा धूर टाळता येत नाही. धूर दिसला की अग्नी असणारच. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, कारण त्याला जळण ओले लागते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त या ओल्या जळणाच्या संयोगालाच ‘उपाधी’ म्हटले आहे. व्यंजनेला अनुमानात जिरवू पाहणाऱ्या महिमभट्टापर्यंत पोहोचायचे म्हणून मी हे दरवर्षी वर्गात सांगतो. गेल्या पावसाळ्यात मात्र उपाधीचा खरा पाठ बोरिवली पूर्वेच्या एका गॅरेजात ऐकायला मिळाला.

गाडी २००८ सालची, एमएच ०२ क्रमांकाची, टर्बो डिझेल. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर पुनर्नोंदणी करून, पर्यावरण कर भरून ठेवलेली. वडिलांना ठाण्याला तपासणीसाठी नेण्याचे आमचे हेच साधन. ती घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावर ओढेनाशी झाली. मागे काळा धूर आणि पुढे बॉनेटखालून कुणी उसासा टाकावा तसा आवाज. सपाटीवर आणि उभी असताना मात्र एखाद्या सज्जनासारखी शांत.

एका सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. उत्तर आले : पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. त्यावरून निदान झाले की टर्बो गेला, नवा बसवा. खर्चाचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. त्यापेक्षा भंगारात काढा, असा सल्लाही सौजन्याने मिळाला.

वास्तविक स्कॅनर खोटे बोलला नव्हता. दाब कमी होता, एवढेच तो म्हणाला. का कमी, हे त्याने सांगितलेच नव्हते. कवितेत अंधार दिसताच कवीच्या चरित्रात दुःख शोधायला धावणारी समीक्षा आपल्या परिचयाची आहे. तिचीच ही यांत्रिक आवृत्ती.

टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची, १९०५ च्या पेटंटमधली. बाहेर फुकट जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची. ही हवा वाटेत नळ्यांतून, इंटरकूलरमधून जाते. एवढ्या लांबच्या वाटेवर कुठेही गळती झाली तरी संकेत तोच. एअर फिल्टर तुंबला, टर्बोचे नियंत्रण करणारी बारीक व्हॅक्यूमची नळी तडकली, तरीही तोच.

गॅरेजातले मिस्त्री साठीचे, मूळचे कोकणातले. त्यांनी आधी धुराचा रंग विचारला. ‘‘निळा असता तर सर, तेल जळतंय म्हणालो असतो. काळा म्हणजे डिझेल आहे, हवा नाही.’’ मग फिल्टर पाहिला. टर्बोच्या तोंडाची नळी काढून दांडा दोन बोटांनी हलवून पाहिला. तो खिळखिळा नव्हता. नळीत तेलाचा पुसट थर होता. या वयाच्या इंजिनात तो असायचाच, म्हणाले. पण इंटरकूलरकडून येणाऱ्या रबरी नळीला बाहेरून, खालच्या अंगाला, तेलकट काळा ओघळ होता. तिथे त्यांचे बोट थांबले.

खात्री करण्याची रीत पंक्चरवाल्याची. नळ्यांची दोन्ही टोके बंद करून आत बेताची हवा सोडली आणि वरून साबणाचे पाणी. ओघळाच्या जागी बुडबुडे आले. उभ्या गाडीत टर्बो दाब जवळजवळ देतच नाही, त्यामुळे चीर मिटलेली राहते. चढावर दाब वाढला की तीच उघडते. मोजलेली हवा वाटेतच निसटते, संगणक मात्र ती पोहोचली असे धरून डिझेल सोडतो. काळा धूर त्याचा. उसासाही तिथलाच.

नळी बदलली, टर्बोच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ. मी पैसे काढले, पण मिस्त्रींचे तपासणे संपले नव्हते. नळी मुळात फाटली का? त्यांनी मला गाडी सुरू करून ॲक्सिलरेटर दाबायला सांगितले आणि इंजिनाकडे बोट केले. ते जागच्या जागी चांगलेच हेलकावत होते आणि प्रत्येक हेलकाव्याला नळी शेजारच्या लोखंडी पट्टीवर घासत होती.

‘‘फाउंडेशनचं रबर बसलंय, सर. ते नाही बदललं तर ही नळीही वर्षभरात जाईल.’’

रबर त्या दिवशी मिळाले नाही. पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा न्यायची ठरली.