पाटे बदलायचे की नाही?

आमच्या दारात एक फियाट उभी असते. कागदोपत्री ती ‘प्रीमियर पद्मिनी’, मॉडेल १९७५चे; पण घरात तिला कुणी पद्मिनी म्हटलेले मी ऐकले नाही. मामंजींनी ती १९८८ साली पुण्याच्या एका डॉक्टरांकडून घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाड्यांसाठी एके काळी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत, हे माझ्या वर्गातल्या मुलींना सांगितले तर त्या हसतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

मामंजींना जाऊन तीन वर्षे झाली. गाडी विकायचा विषय घरात कुणी काढत नाही. सोमवारी सिद्धेश्वराला आणि श्रावणात एकदा भीमाशंकरला जायला सासूबाईंना हीच गाडी लागते. मामंजी असताना त्या पुढे, त्यांच्या शेजारी बसत. आता मागे बसतात. कारण आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

गेल्या श्रावणात भीमाशंकरहून परत येताना वाड्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर मागून असा दणका बसला, की सासूबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. आठ दिवस कंबरेला शेक, तेल, पट्टा. डॉक्टर म्हणाले, मणक्याची झीज आहे, धक्के टाळा. मी त्याच दिवशी ठरवले, गाडीचे काहीतरी करायचेच.

चाकणच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्याने गाडी पाहिली. “वहिनी, मागचे पाटेच काढून टाकू. नव्या गाडीचा मागचा ॲक्सल बसवू, गोल स्प्रिंगा टाकू. पुढे गोल स्प्रिंगा आहेतच की! मग मागेच कशाला टांग्याचा कारभार?” खर्च सांगितला सव्वा लाख.

मला ते पटले. सव्वा लाख ही रक्कम नवा ओटा आणि मोरी यांसाठी साठवलेली, हे वेगळे. पण यांनी ऐकून घेण्याआधीच मान हलवली. “बाबांची गाडी आहे. तिचं मूळ बदलायचं नाही.”

“बाबांच्या गाडीचं मूळ जपायचं, आणि आईंचा मणका?” मी म्हटले. दोन दिवस आमच्यात कामापुरते बोलणे होते.

शेवटी तडजोड म्हणून, शनिवारी माझी अर्धी शाळा सुटल्यावर, भोसरीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. ट्रकचे पाटे ठोकून त्यांना पुन्हा कमान देण्यात त्यांचा जन्म गेलेला. (आमच्या गावाजवळच्या धरणाचेच नाव चास-कमान, त्यामुळे ‘कमान’ म्हटले की मला आधी पाणीच दिसते!) त्यांनी गाडीखाली शिरण्याआधी मला विचारले, “स्प्रिंग काय काम करते, सांगा बरं?”

“वजन पेलते,” मी म्हटले.

“गोल स्प्रिंग तेवढंच करते. पाटा दोन कामं करतो. वजनही पेलतो आणि ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतो, पुढे-मागे आणि आडवंसुद्धा. पाटा काढलात तर ॲक्सल धरायला वेगळे दांडे लागतील, दोन लांब, एक आडवा. ते कुठे जोडणार?”

मग त्यांनी बॅटरी मारून गाडीची तळाशी बाजू दाखवली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी. आणि तो पत्रा मागच्या बाजूला पन्नास पावसाळ्यांनी जागोजागी खाल्लेला. अशा पत्र्याला वेल्डिंग करून दांडे अडकवायचे आणि त्याच दांड्यांच्या भरवशावर सासूबाईंना घाटातून आणायचे! माझ्या पोटात गोळाच आला. शिवाय ॲक्सल बदलला की ब्रेकच्या नळ्या आल्या, मधला शाफ्ट आला. गॅरेजवाल्याने यातले काहीच सांगितले नव्हते.

कायद्याची बाजू यांनी घरी येऊन शोधली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते, कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मालकाने मनाने बदल करायचा नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नाशी उलटलेल्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. यांचे डोळे चमकले. पण ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. म्हणजे दर सोमवारचा सिद्धेश्वर बंद. तो विषय मी तिथेच मिटवला.

मग दणका कशाचा? ते कारागिरांनी दुसऱ्या खेपेला पाटे उतरवल्यावर कळले. पाट्यांच्या मध्ये गंज धरून ते एकमेकांवर सरकतच नव्हते. सगळे मिळून एक जाड फळी झाली होती. रबरी बुश दगडासारखे कडक. शॉकअपमधले तेल कधीच गळून गेलेले. आणि दोन्ही बाजूंना एकेक पाटा जास्तीचा!

“हा कंपनीचा नाही. मागून कुणीतरी टाकलाय. गाडी मागून उंच दिसायची ती यामुळे.”

रात्री सासूबाईंना सांगितले. त्या ताक घुसळता घुसळता थांबल्या. “यांनीच टाकले होते ते. शेतातला कांदा चाकणच्या बाजारात न्यायला टेम्पो मिळत नव्हता एका वर्षी. मागची बैठक काढून पिशव्या भरायचे. मी भांडले होते तेव्हा, म्हटलं गाडी आहे की हातगाडी!” आणि मग पुष्कळ दिवसांनी हसल्या.

म्हणजे कांद्यासाठी घातलेल्या पाट्यांवर आम्ही इतकी वर्षे माणसे बसवत होतो. रिकामी गाडी त्या पाट्यांना वाकवणार कशी? सगळा धक्का सरळ वर.

जादा पाटे काढले. उरलेले घासून, ग्रीस लावून, कमान देऊन बसवले. बुश नवे, शॉकअप नवे. एकूण खर्च चौदा हजार सहाशे. आता मागे जड सामान भरायचे नाही, अशी कारागिरांची सक्त ताकीद आहे. ओट्याचे पैसे वाचले. ओटा मात्र अजून झालेला नाही, ती कथा निराळी.

त्यांनी जाताना आणखी एक सांगितले, ते मला आधी सुचायला हवे होते. मागच्या बाकावर माणूस जवळजवळ ॲक्सलवरच बसतो. कंबर दुखणाऱ्याने पुढे बसावे. हे सासूबाईंना सांगायचे कसे, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी जसे ऐकले तसेच सांगून टाकले. त्या काही बोलल्या नाहीत. सोमवारी मात्र निघताना त्यांनी पुढचे दार उघडले, पदराने सीट पुसली आणि बसल्या. मी मागे. शाळेजवळच्या गतिरोधकावर थोडे आदळलेच. “अजून लागतंय हं,” पुढून आवाज आला.

काढलेले दोन पाटे पडवीत उभे आहेत. गावातला लोहार म्हणतो, याच्या पोलादाचे विळीचे पाते फार छान होईल. सासूबाई अजून हो म्हणालेल्या नाहीत.