सुई आणि नळी

पू सांचला असेल तेथें त्याला वाट करून द्यावी, याविषयीं वैद्यांत सहसा मतभेद नसतो. वाद असतो तो वाटेच्या रुंदीचा. १९०२ सालीं राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असतां सातव्या एडवर्डच्या पोटांतलें अपेंडिक्सचें गळूं फ्रेडरिक ट्रीव्हज यांनीं सुरीनें उघडलें, आणि समारंभ ऑगस्टपर्यंत लांबला. आज अशाच दुखण्यांत सोनोग्राफीच्या किंवा सी. टी. च्या चित्राकडे पाहत पुष्कळदां कातडींतूनच आंत शिरतां येतें.

गेल्या वर्षीं माझ्या थोरल्या बहिणीला हेंच दुखणें झालें. डॉक्टरांनीं दोन मार्ग सांगितले: सुईनें पू एकदांच ओढून घ्यावयाचा, किंवा बारीक नळी बसवून ती कांहीं दिवस आंत राहूं द्यावयाची. घरांतलीं सारीं मतें सुईकडे. नळी म्हटली कीं कुशीला लोंबणारी पिशवी आली, आणि भेटीला येणाऱ्यांच्या नजरा आल्या! परंतु गळूं लहान व पू पातळ असला तरच बहुधा सुई पुरते. गळूं मोठें व पू दाट असला तर तें पुन्हां भरण्याचें भय असतें. अक्काचें गळूं सहा सेंटिमीटरांहून मोठें होतें. नळी ठरली.

ती बसविण्याच्याही दोन तऱ्हा. एकींत अणकुचीदार दांडीवर चढविलेली नळी एका रेट्यांत आंत जाते. मोठ्या व वरवरच्या गळवाला ती सोयीची. दुसरी स्वीडनच्या सेल्डिंगरनें रक्तवाहिन्यांसाठीं शोधून १९५३ सालीं प्रसिद्ध केली: आधीं सुई, सुईंतून तार, मग सुई काढून तारेवरून नळी. अक्काचें गळूं आंतड्यांच्या वेढ्यांत खोल होतें; म्हणून ही सावध रीत.

नळी नऊ दिवस राहिली. रोज सकाळीं पिशवींतलें माप अक्का वाणसामानाच्या वहींत लिही. ताप तिसऱ्या दिवशींच उतरला. पण नळी निघाली ती माप दहा मिलिलिटरांच्या खालीं आल्यावर. तोंपर्यंत मी तिच्या उशाशीं बसे. वडिलांच्या घराच्या वांटणीपासून आम्हां दोघांत बारा वर्षें एक वाद होता. मध्यंतरीं एका भाऊबीजेला आप्तांनीं आम्हांला समोरासमोर बसवून तो मिटविला, आणि मार्गशीर्ष लागतो न लागतो तोंच तो पुन्हां भरून आला. इस्पितळांत मात्र तो एकदम निघाला नाहीं. आज थोडा, उद्यां थोडा, असा निघत गेला.

सुई आपल्याला प्रिय वाटते, कारण ती त्याच दिवशीं सुटकेचें वचन देते. नळी तसलें कांहींच सांगत नाहीं; ती फक्त राहते. फार दिवसांचें, दाट कांहीं निघावयाचें असेल, तर कोणीतरी तसें राहावेंच लागतें.