डोकेदुखीचा पुरावा

मैत्रिणींनो, हात मोडला की प्लास्टर दिसतं, ताप आला की थर्मामीटर सांगतो. अर्धशिशीचं तसं नाही. म्हणून घरातले म्हणतात, "हिचं नेहमीचंच!" आणि विमा कंपनी तेच जरा शुद्ध भाषेत लिहून पाठवते.

माझं हे दुखणं बारा वर्षांचं. जरीपटक्यात घर, सकाळी तीन तास शाळा, मग स्वयंपाक. औषधं थकली तेव्हा डॉक्टरांनी मानेमागच्या मज्जातंतूला मंद विद्युतप्रवाह देणारं यंत्र सुचवलं. कातडीखाली तार, छातीजवळ बॅटरी. पाटल्या गहाण टाकल्या नि उपचार घेतला. महिन्यातले पंधरा वाईट दिवस सहावर आले. कंपनीचं पत्र मात्र एका ओळीचं: परिणामकारकता सिद्ध न झालेला उपचार, सबब दावा नामंजूर.

हे म्हणाले, "जाऊ दे, कंपनीशी कोण भांडणार?" पण पाटल्या माझ्या होत्या ना!

चौकशी केली तेव्हा कळलं, 2019 साली विमा नियामकानं 12 आधुनिक उपचारांची यादी काढली. ते कंपनीला सरसकट वगळता येत नाहीत. मेंदूत खोलवर तार बसवण्याचा उपचार त्यात आहे, माझा नाही. पण यादीत नाही म्हणजे तो आपोआप नामंजूर, असंही नाही. उपचाराला पुरेसा वैद्यकीय आधार आहे का, हा खरा वाद. म्हणून डॉक्टरांकडून सविस्तर पत्र घेतलं, आधी फसलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या जोडल्या. आणि हो, कॅलेंडरची पानंसुद्धा! दुधाच्या हिशेबाशेजारी दुखण्याच्या दिवशी मी फुली मारत असे, बरं का.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत हं! फी नाही, वकील लागत नाही. 2023 पासून ते 50 लाखांपर्यंतची भरपाई देववू शकतात. त्यांचा निवाडा कंपनीला बांधील असतो; आपल्याला पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं.

माझी तक्रार पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेली आहे. निकाल काय लागेल कोण जाणे. पण तुमच्या घरी कुणाचं डोकं वारंवार दुखत असेल, तर आजपासून तारीख, वेळ आणि घेतलेली गोळी लिहून ठेवा. चिठ्ठ्या रद्दीत देऊ नका.