सफारीतलं पान



आमची लेक २०२० मध्ये व्हीगन झाली. मांस-मासे आमच्या घरी पूर्वीही नव्हते, पण आता दूध, दही, तूप, मधसुद्धा बंद. त्या होळीला ती म्हणाली, "आई, पोळीवर तूप नको. आणि पिठात मोहनही तुपाचं असेल तर पोळीच नको." मी काही बोलले नाही, पण पानावरून उठले. त्यानंतर तीन वर्षं आमच्यात जेवणावरून धुसफूस चालूच होती.

माझ्या साठीनिमित्त २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिनेच मला केनियाच्या सफारीला नेलं. माझी एकच काळजी, ही पोरगी तिथे खाणार काय? शेजारच्या गुजराती मावशी नैरोबीत वाढलेल्या. त्या हसून म्हणाल्या, "अहो, तिथले लोक रोज जेवतात त्यातलं निम्मं हिला चालेल. फक्त आधी सांगा आणि तिथे पुन्हा विचारा." त्यांनी तीन शब्दही शिकवले: बिला माझीवा, म्हणजे दुधाशिवाय, बिला सियागी, लोण्याशिवाय, बिला मायाई, अंड्यांशिवाय.

तरी मी चिवडा आणि तेलातले बेसनाचे लाडू केलेच. नैरोबीहून मसाई माराला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी १५ किलोच सामान, तेही मऊ बॅगेत. शिवाय केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी, म्हणून सगळं डब्यांत भरलं. पहिल्याच दुपारी तंबूची चेन उघडी राहिली आणि काळ्या तोंडाच्या माकडाने लाडवांचा डबा पळवला. खाणं तंबूत ठेवू नका, स्वयंपाकघरात द्या, असं आम्हाला बजावलं होतं ते उगीच नव्हे!

आम्ही महिनाभर आधी कळवलं होतं, तरी पहिल्या रात्री सूपमध्ये साय निघाली. लेकीने वाटी बाजूला सारली. मी मनात म्हटलं, आता होणार तमाशा. पण आचारी स्वतः बाहेर आला, खुर्ची ओढून बसला आणि वहीत लिहून घेऊ लागला: काय चालतं, काय नाही, तेल कुठलं आवडतं.

दुसऱ्या दिवसापासून आमची चैन झाली. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने मोडून सुकुमा विकी या पालेभाजीबरोबर खायची. मका आणि घेवड्याच्या दाण्यांची गिथेरी. न्देंगू म्हणजे चक्क आपल्या हिरव्या मुगाची उसळ! कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला तिथे 'काचुंबारी' म्हणतात, आणि चपातीला चपातीच. पहाटे प्राणी बघायला निघताना इतरांच्या डब्यात उकडलेली अंडी, आमच्या डब्यात चपातीत गुंडाळलेली उसळ, अ‍ॅव्होकाडो आणि केळी. गाडीत बसून समोर वाइल्डबीस्टचे कळप बघत खाल्लेली ती न्याहारी मी विसरणार नाही.

आमचा गाईड मसाई होता. गाई हेच त्यांचं धन आणि दूध हे मुख्य अन्न. त्याने लेकीला विचारलं, "दूधसुद्धा नाही? का?" तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि त्यानंतर प्रत्येक ठिकाणी तोच आधी सांगू लागला, "हिच्या चहात दूध नको." मी खिडकीबाहेर बघत बसले. ज्याचं घरदार गाईच्या दुधावर, त्याला राग आला नाही. मला मात्र तीन वर्षं आला होता. आणि तिचं कारण मी एकदाही धड ऐकून घेतलं नव्हतं.

शेवटच्या रात्री आचाऱ्याने नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा केला. पहिल्या घासाला मला कोकणातलं आजोळ आठवलं. तिथे पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबरही खायचो की आम्ही! हे सुचायला मला इतक्या लांब जावं लागलं.

यंदा होळीला तेलाच्या मोहनाची पोळी केली, सोबत गूळ-वेलची घातलेलं नारळाचं दूध. लेकीने तीन पोळ्या खाल्ल्या. तुपाची वाटीही पानाशेजारी होती, ती आमच्या 'ह्यांच्या'साठी.

मंडळातलं कुणी सफारीला जाणार असेल तर अवश्य फोन करा. ते तीन शब्द शिकवीन. लाडू मात्र कुलपात ठेवा.

– एक सभासद