आज भजन नाही का?

रविवारी सकाळी चर्चची घंटा ऐकू आली नाही, तर तो रविवार कसला! लहानपणापासून माझी अशी ठाम समजूत होती. अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, माझे सारे आयुष्य गेले. मुख्याध्यापक या नात्याने आठवड्याचे सहा दिवस मी मुलांना घंटेच्या ठोक्यावर चालवीत असे. सातव्या दिवशी दुसरी एक घंटा मला चालवीत असे.

2020 सालच्या मार्च महिन्यात ही घंटा मुकी झाली. कोरोनाची साथ पसरू लागली आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. शाळा, देवळे, मशिदी, चर्च, साऱ्यांचीच दारे मिटली. 12 एप्रिलला ईस्टर होता. त्या दिवशी पहाटे आम्ही दफनभूमीत जातो, आप्तांच्या थडग्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि प्रभूच्या पुनरुत्थानाची गीते गातो. त्या वर्षी अंगणातल्या मोगऱ्याची चार फुले मी पत्नीच्या तसबिरीपुढे ठेवली आणि एकटाच बसून राहिलो.

सायंकाळी मात्र राहवेना. पेटी घेऊन मी ओसरीवर बसलो आणि ‘उपासना संगीता’तले एक गीत म्हटले. मन जरा हलके झाले. मग तो नेमच झाला. रोज तिन्हीसांजेला एक भजन म्हणायचे, तेही बहुधा रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. मराठी ख्रिस्ती उपासनेला त्यांनी भजन-कीर्तनाची गोडी लावली; अभंगाची ती साधी चाल एकट्या माणसालाही सोबत करते. खरे सांगायचे, तर मी माझ्यापुरताच गात होतो.

जूनच्या आरंभी एका सकाळी निरोप आला. माझा जिवलग मित्र मुंबईस मुलाकडे असताना साथीत दगावला होता. तीस वर्षे चर्चच्या गायकवृंदात आम्ही शेजारी शेजारी उभे राहून गायिलो होतो. त्याचा खर्जातला सूर पाठीशी असला, म्हणजे माझा आवाज कधी डगमगत नसे. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती आणि जिल्ह्याची सीमा ओलांडणेही सोपे नव्हते. ज्याने जन्मभर इतरांच्या मातीच्या वेळी गीते गायिली, त्याला मूठभर माती देण्यासही मी जाऊ शकलो नाही.

त्या दिवशी मी पेटी बंद करून ठेवली. प्रार्थनेस बसलो, तर शब्द सुचेनात. मुलांना वर्षानुवर्षे धीराचे धडे देणारा मी. पण स्वतःवर पाळी आली, तेव्हा साधा एक धडाही आठवेना. देवावर मी रुसलो होतो, असे म्हटले तरी चालेल.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सायंकाळी कुंपणाच्या भिंतीपलीकडून हाक आली, “गुरुजी, बरे आहात ना? आज भजन नाही का?”

शेजारच्या आजी होत्या त्या. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पंढरीची पायी वारी करणाऱ्या. मी कसाबसा मित्राचा वृत्तान्त सांगितला. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “यंदा आमची पायी वारीही नाही हो. तुमचे भजन कानी पडले, की मी देवापुढे दिवा लावते. चार दिवस दिवा लावला, पण सुने सुने वाटले. आज त्यांच्यासाठीच म्हणा.”

मला मनातून लाज वाटली. जे गाणे मी केवळ माझे समजत होतो, त्यावर दुसऱ्या घरातला दिवा लागत होता! मी पेटी काढली. दुसऱ्या कडव्यावर आवाज फुटला, सूर सुटला. इतक्यात भिंतीपलीकडे टाळ वाजू लागले. शब्दांतला ख्रिस्त आजींच्या परिचयाचा नसेल. पण अभंगाची चाल त्यांच्या ओळखीची होती. त्या टाळांच्या आधाराने मी भजन पुरे केले. डोळ्यांतले पाणी थांबले नव्हते आणि तरीही मनात आनंद होता.

त्या रात्री मी संत पौलाचे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र उघडले. ते बंदिवासात लिहिलेले असूनही त्यात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. वर्गात आणि चर्चमध्ये ते मी अनेकदा वाचून दाखविले होते. परंतु पौल आपल्या कोठडीसाठी नव्हे, तर दूरच्या माणसांसाठी लिहीत होता आणि म्हणूनच त्याचा आनंद कोठडीत मावला नाही, हे त्या रात्री प्रथमच उमगले.

16 नोव्हेंबर 2020 रोजी महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. त्यानंतरच्या रविवारी घंटा वाजली. तोंडाला मुखपट्टी बांधून मी माझ्या नेहमीच्या जागी उभा राहिलो. शेजारची जागा रिकामी होती. गीत सुरू झाले, तेव्हा मी सुरांची पट्टी थोडी खाली घेतली आणि खर्जात गायिलो.

घरी परतल्यावर पहिली गोष्ट केली, ती म्हणजे पेटीवरची धूळ पुसली. तिन्हीसांज व्हायला अजून अवकाश होता. पण भिंतीपलीकडे कोणीतरी वाट पाहणार होते.