आधी पायी, मग गाडी

२६ सप्टेंबर २०२३ ची सकाळ. अप्पर बुकित तिमाह रोडवरच्या एका बांधकामाच्या जागी दुसऱ्या महायुद्धातला शंभर किलोचा बॉम्ब सापडला होता. तो हलवणं धोक्याचं, म्हणून जागेवरच नष्ट करायचं ठरलं. दोनशे मीटरच्या परिसरातल्या चार हजारांहून अधिक लोकांना घराबाहेर काढलं, त्यात आम्हीही होतो. एका हातात पासपोर्टची पिशवी, दुसऱ्या हातात पोह्यांचा डबा. लेक विचारत होती, "बाबा, इतकी वर्षं जमिनीत राहूनही तो फुटतो?"

सिंगापूरच्या सैन्याच्या इंजिनिअरांनी काम चोख केलं. रात्री आम्ही आपापल्या पलंगावर झोपलो. मला मात्र झोप आली नाही. आठवत होता माझा आतेभाऊ.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं. दादा पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात होता. सुट्टीत गेलो की अंगणात खाट टाकून तो सांगायचा, "आपल्याकडचे सुरुंग कारखान्यातले नसतात बापा. स्टीलचा डबा, प्रेशर कुकर, दुधाचा कॅन. त्यात स्फोटकं भरायची, रस्त्याखाली पुरायचं आणि वायर झाडीत न्यायची. वायरच्या टोकाला बसलेला माणूस गाडीची वाट पाहतो."

म्हणून गाड्यांच्या आधी पथक पायी निघायचं. मोऱ्या, पूल, ताजी उकरलेली माती, डांबराचं नवं ठिगळ, सगळं बघत. सोबत मेटल डिटेक्टर आणि श्वान. नुसता रस्ता बघून भागत नाही, दोन्ही बाजूंची झाडीही धुंडाळायची, कारण वायर सापडली की डबा सापडतो. सापडलेला डबा शक्यतो जागीच, दूर थांबून उडवायचा. उन्हातान्हात एकेक किलोमीटर असा मोजून काढायचा.

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन, इथे कामगार दिनाची सुट्टी. आमच्याकडे श्रीखंड-पुरीचं जेवण नुकतंच उरकलं होतं, तेवढ्यात बातमी आली. कुरखेडा तालुक्यात पहाटे रस्त्याच्या कामावरची वाहनं नक्षलवाद्यांनी जाळली होती. तिकडे निघालेली पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. १५ पोलीस आणि गाडीचा चालक, १६ जण गेले. दादाचा फोन लागेना. आत्या फोनवर नुसती रडत होती. रात्री उशिरा तो बोलला, एकच वाक्य: "मी दुसरीकडे होतो." पुढे बराच वेळ दोघंही गप्प.

त्या दिवसापासून महाराष्ट्र दिनाला आमच्या घरी गोडाआधी दोन मिनिटं शांतता असते. लेकीला आता कारण माहीत आहे.

दादा निवृत्त झालाय, गुडघे दुखतात. १ जानेवारी २०२५ ला अहेरी ते गर्देवाडा एसटी सुरू झाली, त्या भागातली स्वातंत्र्यानंतरची पहिली. त्याने लाल बसचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, "गाडी आली."

आपण इथे एमआरटीत बसतो, तेव्हा रूळ कोणी तपासले हे विचारत नाही. विचारावं लागत नाही, हेच सुख. पण गावाकडे गुळगुळीत रस्ता लागला, की मी ड्रायव्हरला म्हणतो, जरा हळू. या रस्त्यावरून आधी कोणीतरी पायी गेलंय.