गाजर गवत आणि माझी चूक

आमचे गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला आहे. इकडे पाऊस कमी. घरामागे गावाचे गायरान आहे. आज्जी सांगते, तिच्या लहानपणी तिथे मारवेल आणि पवन्या गवत कमरेइतके वाढायचे. आता पाऊस पडला की गाजर गवतच उगवते. पाने गाजरासारखी, फुले बारीक पांढरी. आज्जी त्याला काँग्रेस म्हणते. आमची शेळी बाभळीचा काटासुद्धा सोडत नाही, पण याला तोंड लावत नाही. लई कडू असते.

मागच्या वर्षी बांधावरचे गाजर गवत उपटून आईच्या दोन्ही हातांना लाल पुरळ उठले. खाजेने तिला रात्री झोप येईना. "नुसती आग होती रे," म्हणायची. मला त्या गवताचा फार राग आला. दिवाळीच्या सुट्टीत मी हातांना पिशव्या बांधल्या, सगळा बांध साफ केला आणि गवत उकिरड्यावर टाकले. वडील म्हणाले, "शाब्बास!"

पण गवत फुलावर आलेले होते. उन्हाळ्यात उकिरड्याचे खत वावरात गेले. पहिला पाऊस झाला आणि बाजरीच्या आधी गाजर गवतच वर आले. ते खुरपायला पुन्हा आईच! दोन दिवस मी काही बोललो नाही. मग आईला खरे सांगितले. ती हसली, पण तिचे हात बघून मलाच रडू आले.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, एका झाडाला पंधरा-वीस हजार बी धरते. बी इतके हलके की वाऱ्याने, पाण्याने, खतातून कुठेही जाते. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सांगतात. पुण्यात ते सापडल्याची नोंद राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली छापली. तिथून ते देशभर पसरले. त्याला खाणारा भुंगा शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून आणला आणि १९८४ साली बंगळूरला सोडला.

तो भुंगा आम्हांला ओढ्याकाठी दिसला! पिवळसर पांढरा, पाठीवर काळ्या वाकड्या रेघा. पानांची चाळण केली होती. माझ्या मित्राने चिरडायला पाय उचलला, तेव्हा मी त्याला मागे ओढले.

गुरुजी म्हणाले, फुले यायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. तरोट्याचे बी टाकले तर तरोटा त्याला वाढू देत नाही. आम्ही तरोट्याचे डबाभर बी बांधावर टाकले. यंदा आईला मी बांधाला हात लावू देत नाही. काल सकाळी एका झाडाला कळ्या दिसल्या. ते उपटेपर्यंत शाळेची घंटा झाली.